नातेवाइकांचा बाक

धुकं आलंय. आज सकाळी गॅलरीचं दार उघडलं तर समोरची पाण्याची टाकी गायब, तिच्यामागची क्रेन गायब, खालचा दूधवालाही गायब. त्याच्या मोटरसायकलचा हॉर्न तेवढा शिल्लक. "आई, दार लाव ना यार, सगळा कोहरा आत येतोय!" मुलगी पांघरुणातून ओरडली. दिल्लीत वाढलेली पोर. 'धुकं' आठवायला तिला वेळ लागतो, आणि 'हुडहुडी' म्हटलं तर ती हुडी शोधायला उठते.

दार मी लगेच लावलं नाही. इथल्या धुक्याला एक वास असतो. ओली धूळ, कुणीतरी पेटवलेला पाचोळा, लांबच्या तंदूरचा कोळसा. लोक नाक मुरडतात आणि बरोबरच आहे, या हवेनं माणसं आजारी पडतात. गेल्याच आठवड्यात आमच्या घरातलं एक माणूस पडलं, ते सांगेनच. पण काय करू, तो वास आला की मला आधी बरंच वाटतं. वाटायला नको हे कळतं, तरी वाटतं. त्या वासाबरोबर मानेसरची एक गच्ची येते, संत्र्यांच्या सालींचा ढीग येतो, आणि तोंडाला कुलूप लावून बसलेली वैशाली येते.

तेव्हा आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. मी एका सरकारी हॉस्पिटलात कॅज्युअल्टीची सिस्टर होते, उभा जन्म त्यातच गेला. गुडघे कुरकुरायला लागले तशी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि ठरवलं, आता घरी बसायचं, शेजारच्या पंजाबी बाईंकडून सरसोंचा साग शिकायचा, स्वेटर विणायचे. महिनाभरात आमचे अरविंदराव हात जोडून म्हणाले, "बाई गं, तू मला नाश्त्याला पण स्ट्रेचरवरून उतरवल्यासारखी बसवतेस. जा कुठेतरी कामाला." गेले. दिल्लीपलीकडे हरयाणात, मानेसरला एक खासगी ॲम्ब्युलन्स सेवा होती, तिथे गाडीवरच्या लोकांना शिकवायला.

गाडीवर माणसं दोन असतात. चालवतो तो पायलट आणि मागे पेशंटपाशी बसतो तो टेक्निशियन. ड्रायव्हरला पायलट म्हणतात याचं मला आधी हसू यायचं. मग एकदा जानेवारीत जगबीरच्या शेजारी बसून हायवेवरून गेले. काचेबाहेर नुसतं दूध. समोरच्या ट्रकचा दिवा दिसायचा तो अगदी नाकाशी आल्यावर. जगबीर खिडकी खाली करून कानानं गाडी चालवत होता आणि मला सांगत होता की त्याच्या म्हशीनं आज दूध कमी दिलं. उतरल्यावर मी त्याला पायलटच म्हणायला लागले, आणि जी लावून.

जगबीर जवळच्याच गावचा. मिशा भरघोस, आवाज त्याहून भरघोस. वैशाली सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. नवरा फौजी. तो दिल्ली कँटोन्मेंटला असताना ती इकडे आली, नर्सिंगचा कोर्स झालेला होता, ही नोकरी लागली. मग नवऱ्याची बदली सरहद्दीवर झाली आणि ही मानेसरला खोली घेऊन राहिली. सासरची माणसं वाईट नव्हती, पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. गाडीवरची नोकरी आहे तोवर राहा, ती सुटली की घरी ये, एकटी बाई परमुलखात कशाला?

या दोघांची जोडी साऱ्या ताफ्यात नावाजलेली होती. कठीण केस आली की कंट्रोल रूमवाले म्हणायचे, "जगबीर-वैशाली कहाँ हैं?" अशी ही मुलगी. आणि तीच माझ्याकडे प्रॅक्टिकलला नापास झाली.

त्या परीक्षेचं सांगायला हवं. दर हिवाळ्यात बाहेरून एक परीक्षक यायचे. जोडीचा पायलट दाराशी उभा करायचा, जमिनीवर रबराची डमी ठेवायची, तिला पेशंट समजायचं आणि सगळे उपचार करून दाखवायचे. नियम एकच कडक होता. जे करताय ते मोठ्यानं बोलत करायचं. श्वास बघितलात तर 'श्वास नाही' असं म्हणा. नाडी बघितलीत तर काय मिळालं ते सांगा. म्हणजे गाडीवरच्या दुसऱ्याला कळतं, हॉस्पिटलला कळतं, चूक असेल तर कुणीतरी टोकतं. नियम शहाणपणाचा आहे, माझा त्याला आजही पाठिंबा आहे. वैशालीनं काय केलं? सगळं बरोबर केलं. हात असे चालले की बघत राहावं. पण तोंडातून शब्द नाही. परीक्षक म्हणाले, "बोलिए, मैडम, बोलिए." तिनं त्यांच्याकडे बघितलं, नाडी बघितली आणि आपल्या कानाची पाळी धरली. परीक्षकांना वाटलं, ही कानाला हात लावून माफी मागतेय. त्यांनी नापास लिहून टाकलं.

संक्रांतीनंतर पुन्हा एक संधी होती. त्यातही गेली तर गाडीवरून उतरवून स्टोअरमध्ये बसवायचं, असा कंपनीचा कायदा. स्टोअरची नोकरी म्हणजे हातमोजे आणि सलाईन मोजणं. ती वैशाली करणार नव्हती आणि सासरचे तर करूच देणार नव्हते. म्हणजे माणला परत. "तिकडं गेले तर मी परत गाडी बघायची नाय कधी," असं ती एकदाच म्हणाली आणि पुन्हा मिटली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मला मात्र रात्री झोप येईना. अशी मुलगी हातची जाऊ द्यायची म्हणजे काय!

गच्चीची पद्धत मी आधीच सुरू केली होती. तिचीही एक गंमत आहे. कंपनीला मध्येच सुचलं की कर्मचाऱ्यांच्या मनाची काळजी घ्यावी. हेतू चांगला होता हो, मी नावं ठेवत नाही. हेड ऑफिसमधून एक गोड मुलगी आली, बंद खोलीत पडदे ओढले, मंद संगीत लावलं आणि म्हणाली, "आँखें बंद कीजिए और सोचिए, आप समंदर के किनारे हैं." आता जगबीरनं जन्मात समुद्र बघितलेला नाही. तो दोन मिनिटांत घोरायला लागला. मागच्या रांगेतला एक जण मात्र डोळे उघडे ठेवून बसला होता. मुलीनं प्रेमानं विचारलं, भैया, आप क्यों नहीं? तो म्हणाला, "मैडम, आँख बंद करते हैं तो केस दिखता है." संगीत चालूच राहिलं. त्या मुलीच्याच डोळ्यांत पाणी आलं. तिला मी बाहेर नेऊन चहा पाजला.

त्या दिवशी मला आमच्या हॉस्पिटलची गच्ची आठवली. हिवाळ्यात ड्यूटी संपली की आम्ही सिस्टर लोक उन्हात पाय पसरून बसायचो. विषय म्हणजे सुनांच्या तक्रारी, लोकरीचे भाव, आणि मध्येच कुणीतरी सहज म्हणायची, "आज ते सात नंबरचं बाळ..." मग सगळ्या गप्प, मग पुन्हा लोकर. त्याला कुणी काही नाव दिलेलं नव्हतं, पण त्यानं आम्ही टिकलो. दिल्लीचं हिवाळ्यातलं ऊन म्हणजे माहेरच. धुकं वितळलं की दुपारी ते हळूच पाठीवर येऊन बसतं. मी मॅनेजरकडून गच्चीची किल्ली घेतली, दोन चटया, संत्री, भाजलेल्या शेंगा, तिळगुळाची गजक. नियम असा की सकाळपाळी सुटली की घरी जायच्या आधी वर यायचं. कुणी कुणाला 'कसं वाटतंय' असं विचारायचं नाही. बोलायचं असेल तर बोला, नाहीतर शेंगा सोला.

आणि बोलायला लागले की हो! आधी बायकोबद्दल, म्हशींबद्दल, टोलनाक्याबद्दल. मग गाडीला वाट न देणाऱ्या मोठ्या गाड्यांबद्दल, तेव्हा तर शिव्यांची लाखोली. मग कधीतरी, साल सोलता सोलता, केसबद्दल. वैशाली यायची, कोपऱ्यात बसायची, सगळ्यांना संत्री सोलून द्यायची. अळीमिळी गुपचिळी.

त्या गच्चीवरच एक दिवस ती खाली हात धुवायला गेली तेव्हा जगबीरनं मला कानाच्या पाळीचं कोडं उलगडून सांगितलं. "मॅडमजी, वो माफी नहीं माँग रही थी. वो मुझे बता रही थी." गाडीत पुढच्या आणि मागच्या भागात एक काच असते. पायलटच्या आरशात मागचं दिसतं. वैशालीनं कानाची पाळी धरली म्हणजे नाडी लागत नाहीये, पळव. ओढणी खांद्यावर घेतली म्हणजे हळू, हाडं मोडलीत. मनगटावरचं घड्याळ वर सरकवलं म्हणजे हॉस्पिटलला फोन लाव. सारी बोली त्यांनी आपापसांत ठरवलेली. का, तर मागे पेशंटशेजारी बाकावर नातेवाईक बसलेले असतात. त्यांच्यासमोर 'नाडी नाही' असं ओरडायचं कसं?

मी म्हटलं, "ये कबसे चल रहा है?"

"पिछली सर्दी से. पहले तो मराठी में बोलती थी."

आणि मग मला जे कळलं ते ऐकून मी आधी पोट धरून हसले. पूर्वी यांची युक्ती अशी होती की वैशाली सगळं खणखणीत मराठीत बोलायची. हरयाणात मराठी कळतंय कुणाला? जगबीरला तिनं शब्द शिकवून ठेवले होते. 'नाडी', 'पळव', 'हळू', 'खड्डा', 'आलं बघ'. 'पळव'चा उच्चार तो असा करायचा की माणची माणसं कान टवकारतील. घरी म्हशीलासुद्धा तो 'चल गं बाई' म्हणायला लागला होता, असं त्याची बायको सांगायची. नातेवाइकांना वाटायचं, सिस्टर काहीतरी डॉक्टरी भाषेत बोलतेय. आपली मराठी, डॉक्टरी भाषा! मला कोण अभिमान वाटला.

"तो बंद क्यों किया?" मी विचारलं.

जगबीरनं शेंग फोडली, दाणे खाल्ले नाहीत. "वो आप उसी से पूछिए."

मी काही लगेच विचारलं नाही. मी फटकळ असले तरी इतकी वर्षं कॅज्युअल्टीत काढलीत, खपली कधी काढायची नाही हे कळतं. पण परीक्षा तोंडावर आलेली. एक दिवस बाकीचे गेल्यावर तिला थांबवलं. ऊन भिंतीवर चढायला लागलं होतं. मी म्हटलं, "वैशाली, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत बाई. आणि इथे तर तुझी गाडी जातेय. मराठीत बोलायची का थांबलीस?"

ती बराच वेळ संत्र्याचे दोरे काढत बसली. फोड अगदी स्वच्छ झाली, तरी काढतच होती. मग म्हणाली, "काकू, एकदा मागं बसलेली बाई मराठी निघाली."

मग तिनं सांगितलं. सकाळची वेळ, असंच धुकं. कारखान्यात कामाला असलेला एक तरुण मुलगा खोलीवर कोसळला होता. सोबत आई, डोक्यावरून पदर घेतलेली, एक शब्द न बोलणारी. वैशालीला वाटलं, इकडचीच कुठलीतरी. गाडी निघाली. मुलाची नाडी गेली. वैशालीनं छाती दाबायला घेतली आणि नेहमीसारखी मोठ्यानं ओरडली, "जगबीर, नाडी लागंना! पळव!"

आणि बाकावरून आवाज आला, "नाडी लागंना म्हन्ता का वं बाई?"

ती माउली जालन्याकडची होती. लेक नोकरीला लागला म्हणून पहिल्यांदाच त्याला बघायला आलेली, त्याला भाकरी करून घालायला. सगळ्या मुलखात तिला कळणारी भाषा बोललं ते एकच माणूस, आणि ते काय बोललं तर हे.

"मी काय बोलणार, काकू? मी खाली मान घालून दाबतच राहिले. ती परत काय बोलली नाही. हॉस्पिटल आलं, पोराला आत नेलं. ती दारातच उभी होती, कुठं जावं कळत नव्हतं तिला. आणि कंट्रोलचा फोन आला, दुसरी केस. आम्ही गेलो. मी तिला 'आई, इथं बसा' एवढंबी नाय म्हणाले. एक मराठी माणूस होतं तिच्याजवळ, तेबी पाठ फिरवून गेलं."

मुलगा वाचला नव्हता, हे तिला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. त्याचं दुःख तिला होतं, पण गाडीवरचं माणूस ते दुःख सोसायला शिकतं. तिला डाचत होतं ते दारात उभ्या असलेल्या त्या बाईंचं. तेव्हापासून तिनं गाडीत तोंडच उघडलं नाही. मराठीत नाही, हिंदीत नाही. एवढं सांगून ती रडली. मोठ्यानं, नाक ओढत, गावाकडे रडतात तशी. मी पण रडले, खोटं कशाला सांगू. माझ्या शालीला संत्र्याचा वास लागला तो धुतल्यावरही गेला नाही.

घरी आल्यावर मी अरविंदरावांना सांगितलं. ते केंद्र सरकारच्या मंत्रालयातले माणूस, प्रत्येक प्रश्नाची फाईल करणारे. चहात बिस्किट बुडवत म्हणाले, "पण तिनं चूक काय केली? बोलली तेही बरोबर. चूक एवढीच की जिला सांगायचं तिला सोडून बाकी सगळ्यांना सांगितलं." बिस्किट चहात पडलं. ते चमच्यानं शोधत बसले आणि मी मात्र जागच्या जागी खिळून राहिले. आमच्या घरात शहाणपण कधी येईल याचा नेम नाही.

आमच्या शिकवणीत सगळं होतं. डमी होती, ऑक्सिजन होता, शॉक द्यायचं मशीन होतं. बाकावरचं माणूसच नव्हतं! आम्ही पेशंट शिकवत होतो आणि नातेवाईक वगळत होतो. म्हणून तर ही मुलं गाडीत खाणाखुणा करायची. कुणी मराठी काढायचं, कुणी कान धरायचं. त्या बाकाकडे बघायचं कसं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी डमी गच्चीवर नेली. जगबीर तिला 'फूफाजी' म्हणायचा, म्हणजे आत्याचा नवरा, लग्नात रुसून आडवा पडतो आणि सगळ्यांनी ज्याची सेवा करायची असते तो. फूफाजींच्या शेजारी मी प्लास्टिकचं स्टूल ठेवलं, डोक्यावरून पदर घेतला आणि बसले. "मी आई. बोल माझ्याशी."

ती पांढरी पडली. "काकू, नको."

"नको काय? बोल."

पहिल्या दिवशी ती स्टुलाकडे बघूही शकली नाही. दुसऱ्या दिवशी "आई" एवढंच म्हणाली आणि उठून कठड्यापाशी गेली. जगबीर मागे उभा होता, मिशीला हात लावून. मग त्यानंच युक्ती काढली. म्हणाला, "मॅडमजी, माँ को भी कुछ काम दो. खाली हाथ बैठी है, इसलिए देखा नहीं जाता." त्याची आई आजारी असताना त्याला डॉक्टरांनी नुसतं पाय चोळायला सांगितलं होतं म्हणे, तेवढ्यानंच त्याचा धीर टिकला. मग आम्ही ठरवलं, बाकावरच्या माणसाला पेशंटचे पाय धरायला द्यायचे. तिथे बसलं की उपचारात अडथळा येत नाही आणि हाताला आपलं माणूस लागतं. फक्त मशीननं शॉक देताना सगळ्यांनी हात सोडायचे असतात, तेवढं तेव्हा सांगायचं.

त्या काही दुपारी माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दुपारींपैकी आहेत. खाली कंपन्यांच्या बसगाड्या शिफ्टची माणसं उतरवत होत्या. वर उन्हात मी खोटी आई होऊन रबराचे पाय धरून बसले होते आणि एक मुलगी हळूहळू बोलायला शिकत होती. बाकीचेही थांबून बघायला लागले. मग स्टुलावर पाळीपाळीनं सगळे बसायला लागले. कुणी आई झालं, कुणी बायको, जगबीर एकदा असा हंबरडा फोडणारा काका झाला की खालचा वॉचमन धावत वर आला.

संक्रांतीला मी सगळ्यांसाठी तिळाचे लाडू नेले. वैशालीच्या हातावर ठेवताना म्हटलं, "गोड नको बोलूस, नुसतं बोल." ती हसली. ते हसू मी त्या हिवाळ्यात पहिल्यांदा बघितलं.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक तेच. मी त्यांना म्हटलं, "सर, ॲम्ब्युलन्स में पेशंट अकेला नहीं होता. मैं रिश्तेदार बनकर बैठूँगी." ते चष्म्यावरून बघत राहिले. नियमात तसं नव्हतं, पण नको असंही कुठे नव्हतं. बैठिए, म्हणाले. मी स्टूल ओढलं. जगबीर दाराशी पायलटच्या जागी.

वैशाली गुडघ्यांवर बसली. श्वास बघितला, नाडी बघितली. हात कानाकडे निघाला. माझा जीव कानाच्या पाळीएवढा झाला. मग तो हात खाली आला आणि तिनं थेट माझ्याकडे बघितलं.

"आई," ती मराठीतच म्हणाली, "आत्ता याची नाडी लागत नाहीये. म्हणून मी छाती दाबणार आहे. जोरात दाबीन, घाबरू नका. तुम्ही याचे पाय धरून बसा."

"हिंदी में, प्लीज," परीक्षक म्हणाले.

ती थांबली नाही. दाबता दाबता तेच हिंदीत सांगितलं, परीक्षकांना नाही, मलाच. मग मशीन लावलं. "अब पाँव छोड़िए, माँजी. सब दूर... अब फिर पकड़िए." प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगत गेली. आवाज आधी कापत होता, मग कापायचा थांबला. मी खोटी आई, पाय रबराचे, पण मी ते खऱ्यासारखे घट्ट धरले होते. शेवटी परीक्षक म्हणाले, बस, हॉस्पिटल आलं. तरी ती उठली नाही. माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "आई, याला आत नेतायत. तुम्ही या बाकावर बसा. मला आता दुसरीकडं जायला लागतंय. मी सिस्टरला सांगून जाते, तुमच्यासोबत कुणीतरी राहील."

हे कुठल्या परीक्षेत नव्हतं. मी पण तिला शिकवलं नव्हतं. ती फूफाजींसमोर बसली होती, पण कुणाशी बोलत होती ते मला आणि जगबीरला कळलं. जगबीर तोंड फिरवून दाराची कडी तपासायला लागला. परीक्षकांनी चष्मा काढून पुसला, आणि पास केलं.

ती गाडीवर राहिली. पुढे तीच शिकवायला लागली, माझे गुडघे पूर्णच बसल्यावर माझ्याच जागेवर. अजून आहे. फोन करते अधूनमधून, खूप बोलते. आता तिला थांबवावं लागतं.

आणि गेल्या आठवड्यात असंच धुकं होतं. अरविंदरावांना सकाळी दम लागला. आधी खोकला, मग छातीतून शिट्ट्या, मग ओठांचा रंग बघून मीच फोन केला. इतकी वर्षं लोकांना धीर दिला, पण स्वतःच्या माणसाचा श्वास अडकला तर सगळं शिक्षण कुठे जातं कोण जाणे. यांच्या वाफाऱ्याच्या मशीनचं बटण मला सापडेना. गाडी आली. पायलट अनोळखी, टेक्निशियन एक अनोळखी हरयाणवी तरुण. मी मागे चढले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या बाकावर बसले, खरीखुरी. आतून धुक्यानं पांढरी झालेली काच दिसत होती. मला वाटलं, आता हा मुलगा पायलटला काहीतरी खूण करेल आणि ती मला कळेल.

त्यानं यांना टेकून बसवलं, मास्क लावला आणि माझ्याकडे बघितलं. "आंटी, ऑक्सीजन कम है, इसलिए मास्क लगाया. मैं जो भी करूँगा, आपको बोल के करूँगा. आप पाँव पकड़ के बैठिए."

मी पाय धरले. मोज्यांतूनही गार लागत होते. तो सांगत होता, आता वाफेचं औषध देतोय, आता ऑक्सिजनचा आकडा थोडा वर आलाय, अजून हवा तसा नाही पण येतोय. खरं तेवढंच सांगत होता, आणि मला सांगत होता. हॉस्पिटल आलं तेव्हा म्हणाला, "आंटी, यहाँ बैठिए, मैं सिस्टर को बोल के जाता हूँ." मी त्याला विचारलं, बेटा, ये किसने सिखाया? तो घाईत होता, स्ट्रेचर ढकलता ढकलता म्हणाला, "हमारे यहाँ ऐसे ही होता है, आंटी."

त्याला वैशाली माहीत असेल, नसेल. जालन्याची ती आई तर माहीत असणं शक्यच नाही.

अरविंदराव आता बरे आहेत. धुकं विरलंय, टाकी परत आलीय, आणि ते गॅलरीत उन्हात बसून संत्री खातायत, साली कुंडीत टाकतायत, मी ओरडले तरी. मघाशी मोजा खाली करून मला घोटा दाखवला. निळसर डाग पडलाय. "श्वासाचं ठीक आहे," म्हणाले, "पण हे बघ. इतक्या जोरात धरतात का गं पाय?"